बाळंतिणीच्या खोलीतला हवालदार

पहाट फटफटली तरी नेवरगडावर उजेड आला नव्हता. सह्याद्रीच्या ऐन धारेवरचा तो किल्ला. कोकणातून वर चढलेले धुके पश्चिमेच्या कड्याला रेलून उभे होते, आणि पूर्वेला, जिकडून सूर्य उगवायचा, तिकडे हैबतखानाच्या छावणीतल्या चुलींचा धूर सगळ्या पठारावर पसरला होता. त्या धुराला मटणाचा आणि तुपाचा वास येई. गडावरच्या शिबंदीला तोफेच्या गोळ्यापेक्षा हा वासच अधिक लागत असे, कारण कित्येक दिवस नाचणीच्या पातळ आंबिलीखेरीज कुणाच्या तोंडात काही पडले नव्हते. तट तीन ठिकाणी खचला होता, दारू संपत आली होती, आणि कुमक आणायला कड्याच्या दोरावरून उतरलेला हवालदारांचा मुलगा जैतोजी जिवंत आहे की नाही हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हते.

आणि ज्याच्या नावावर हा गड अजून तग धरून होता, तो हवालदार तुळाजी दरेकर त्या पहाटे आपल्याच वाड्यात, आपल्या सुनेच्या बाळंतिणीच्या खोलीत, तोंडात फडक्याचा बोळा कोंबून पालथा पडला होता. त्याच्या पायांत जीव नव्हता.

हे असे का झाले ते सांगितले पाहिजे.

नेवरगडाचा एक शिरस्ता होता, आणि तो गडाइतकाच जुना होता. महादरवाजा, अंबारखाना, दारूकोठार आणि सिलेखाना यांच्या किल्ल्यांचा जुडगा हवालदाराच्या कमरेला असे. गडाची राखण ज्याच्याकडे, त्याने आपल्या पायांनी चालत महादरवाज्यापर्यंत जावे आणि कुलूप स्वतःच्या हाताने ओढून पाहावे. पालखीतून जाऊ नये, कुणाच्या खांद्याचा आधार घेऊ नये. ज्याला दरवाज्यापर्यंत चालवत नाही, त्याने जुडगा सरनौबताच्या, म्हणजे गडावरच्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या, हवाली करावा. शिरस्ता शहाणपणाचाच होता. फक्त तो घालून देणाऱ्यांनी सरनौबत इमानी असेल असे धरून चालले होते, आणि इथेच सगळी पंचाईत होती.

सरनौबत निंबाजीराव पिळदार मिशांचा, गोड बोलण्याचा गृहस्थ. खानाचा वकील शरण येण्याचा कौल घेऊन गडावर आला, सदरेवरून नकार घेऊन परत निघाला, तेव्हा निंबाजीरावाने त्याला 'पाणी पिऊन जा' म्हणून आपल्या घरी नेले. वकील तिथून दोन घटकांनी बाहेर पडला; एवढे पाणी कुणी पीत नाही. तुळाजीने ते पाहिले, मनाशी ठेवले, पण हाती पुरावा नव्हता आणि वेढ्यात अडकलेल्या गडावर नुसत्या संशयाने सरनौबताला बेड्या घातल्या तर अर्धी शिबंदी बिथरली असती.

मग तो दिवस उजाडला. वाड्यात जैतोजीची बायको, सून गिरजा, हिला मुलगा झाला, आणि त्याच सकाळी मागल्या बुरुजावर मोर्चा पाहायला गेलेल्या तुळाजीच्या पाठीवर गोळ्याने उखडलेला तटाचा चिरा येऊन पडला. जवळ एकटा मल्हू नाईक होता, महादरवाज्याचा पहारेकरी, तुळाजीचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने चिरा ढकलला, हवालदाराला घोंगडीत गुंडाळले, आणि धुक्याच्या आडोशाने पाठीवर टाकून वाड्याच्या मागल्या दाराने आत आणले. कुठे ठेवावे? देवघरात निंबाजी येईल, माजघरात नोकर येतील. मग मल्हूने कडुलिंबाचे डहाळे बांधलेली, दाराशी गोमूत्र शिंपडलेली ती खोली उघडली, जिच्यात बारसे होईतो पुरुषाने पाऊल टाकायचे नसते.

खोलीत सुईण ठकूबाई बसली होती. ती मल्हूच्या अंगावर ओरडणार, तोच तिने घोंगडीतला चेहरा पाहिला.

"दार लाव," ती एवढेच म्हणाली.

गडभर सांगण्यात आले, की हवालदारांनी गडाच्या रक्षणासाठी नातवाच्या बारशापर्यंत मौन धरून देवघरात अनुष्ठान मांडले आहे, कुणी दर्शनाला येऊ नये. निंबाजीरावाने सदरेवर हात जोडून हे ऐकले. मागल्या बुरुजाच्या ढिगाऱ्यात त्याला हवालदाराचा एक जोडा सापडलेला होता, पण तो ते बोलला नाही.

"अनुष्ठान उत्तम," तो जमलेल्या गडकऱ्यांना म्हणाला. "देवाच्या कामात आम्ही कोण आडवे येणार? परंतु शिरस्ता हाही देवासारखाच. बारशाच्या सकाळी हवालदारसाहेबांनी आपल्या पायांनी महादरवाज्यापर्यंत यावे. न आले, तर जुडगा आमच्या हवाली व्हावा. पंचांना हे मान्य?"

न मानण्यासारखे त्यात काही नव्हते. पंचांनी माना डोलावल्या. आता बारशापर्यंत तुळाजी उभा राहिला तर गड राहणार होता, नाहीतर जुडगा निंबाजीकडे जाणार होता आणि दरवाजा खानाला उघडला जाणार होता. गडावर हे जाणणारी माणसे चारच, आणि त्यांतला एक जण पाय हलवू शकत नव्हता.

मल्हू नाईकाने आपल्या अकलेने एक उपाय आधीच करून टाकला होता. कणा मोडला असेल, हलला तर जीव जाईल, या धास्तीने त्याने आपले पागोटे सोडून हवालदाराला मानेपासून घोट्यापर्यंत फळीला आवळून बांधले. गिरजेचा ताप आणि बाळाचे दूध यांत गुंतलेल्या ठकूबाईने पहिले दोन दिवस तिकडे पाहिले नाही. लढाईतल्या जखमा हे पुरुषांचे काम, आपले काम बाळंतिणी आणि तान्ही पोरे, अशी तिची समजूत. गडाचे वैद्य हगवणीच्या साथीत गेले होते आणि तालमीचे वस्ताद तटावर पडले होते. तिसऱ्या दिवशी तुळाजीच्या कण्हण्याने बाळ दचकून उठू लागले, तेव्हा ती चिडून फळीजवळ आली आणि तिने पांघरूण दूर केले.

"ह्यो काय परकार?" ती मल्हूला म्हणाली. "जित्या मानसाला तिरडीवानी बांधून ठिवलंयस?"

"हाड मोडलं आसंल म्हनून..."

"आसंल म्हनून! हात लावून बघितलंस का?"

तिने गाठी सोडल्या. मग तिने आपला हात तुळाजीच्या मानेखाली ठेवला आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हळूहळू खाली आणले. कमरेशी येताच तुळाजीने किंकाळी दातांत दाबली. ठकूबाई थांबली, तिथेच बोटे ठेवून डोळे मिटून बसली.

"हाड शाबूत हाय," ती म्हणाली. "पर समदं मांस वळून दगड झालंय, आनि त्यात पायाची शीर आवळलीय. बांधल्यानं आनखी आवळली. डाव्या पायाचा आंगठा हालवा, धनी."

अंगठा हलला नाही. उजव्याचे एक बोट मात्र किंचित थरथरले.

"बाई," तुळाजी खालच्या आवाजात म्हणाला, "आम्हांस खरे सांगा. बारशापर्यंत आम्ही उभे राहू?"

"म्या कधी मोठ्या पुरुषाच्या आंगाला हात लावल्याला न्हाई. म्या पोरं न्हाऊ घालते. आठ दिसांच्या पोराचं आंग मोकळं करायचं मला म्हाईत हाय, तुमचं म्हाईत न्हाई. पर आंग ते आंगच. मोकळं करून बघू. न्हाई झालं तर माझ्या नावानं बोंब मारा."

आणि नेवरगडाचा हवालदार, ज्याने तीन मोहिमांत पागोटे खाली पडू दिले नव्हते, तो तान्ह्या मुलासारखा न्हाऊ घातला जाऊ लागला.

तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवून ठकूबाई ते पायांच्या तळव्यांपासून चोळायला घेई. पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, मान. हाताच्या टाचेने दाबत, अंगठ्याने गाठ शोधत, सापडली की तिच्यावर भार देऊन ती सुटेपर्यंत श्वास रोखून बसायचे. मग निरगुडीच्या पाल्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक. मग तापलेली वीट फडक्यात गुंडाळून कमरेखाली. आणि मग सगळ्यात वाईट भाग. ती त्याचा गुडघा धरून पोटाशी आणी, सरळ करी, दुसरा आणी. उजवा पाय डाव्या हाताला, डावा पाय उजव्या हाताला, अगदी न्हाणीत पोराचे हातपाय उलटसुलट करतात तसे. तुळाजीला वाटे, कुणी कमरेत सळई घालून फिरवते आहे. तो बोळा चावे. फडक्यावर रक्त उमटे.

"बास करा बाई," एकदा तो म्हणाला. "शत्रूसुद्धा इतके हाल करीत नाही."

"पोरं पन आसंच रडत्यात. मग झोपत्यात ग्वाड. घ्या, दुसरा पाय."

या सगळ्यात गिरजा भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेली असे. सासऱ्यासमोर जिने कधी पदर ढळू दिला नव्हता, जी त्याच्याशी थेट एक शब्द बोलत नसे, तिच्या बाळंतपणाच्या खोलीत, तिच्या बाजेपासून हाताच्या अंतरावर, सासरा उघड्या अंगाने विव्हळत होता. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखे होई. तिला जे सांगायचे असे ते ती ठकूबाईला सांगे, आणि ते तुळाजी ऐकत असे, कारण खोली होतीच केवढी.

तेलाचा बुधला अर्ध्याखाली गेला त्या दुपारी ठकूबाईने तो उचलून हलवून पाहिला. अंबारखान्यात तेल उरलेले नव्हते आणि जळणही संपत आले होते. बाजेखालची शेगडी दिवसभर धगधगत ठेवायची तर विटा तापवायला काही उरत नव्हते. दोघांनाही पुरेल इतके काहीच नव्हते.

"सूनबाई," ठकूबाई म्हणाली, "मला तोंडानं सांगवत न्हाई. तुजी कंबर अजून भरली न्हाई. वल्या बाळंतिणीला शेक चुकला, वारं शिरलं, तर..."

"मामंजींना सांगा," गिरजा भिंतीकडे बघतच म्हणाली, "तेल त्यांनी घ्यावं. बाळाला चमचाभर ठेवा. मला थंडी वाजत नाही."

"सूनबाई, हे आम्हांस मंजूर नाही," तुळाजी जमिनीवरून म्हणाला.

"मामंजींना सांगा, दरवाजा उघडला तर खानाची माणसं या खोलीत पण येतील. तेव्हा शेकाचं काय करू मी?"

ठकूबाईने बाजेखालची शेगडी ओढून काढली आणि फळीजवळ नेली. मला नेहमी वाटते, गडावरच्या कुणाही बहाद्दराने त्या वेढ्यात इतके मोठे काही केले नाही, पण पोवाडे रचणाऱ्यांना बाळंतिणीच्या खोलीत काय चालते ते कुठे दिसते?

बारसे जवळ येत चालले तसा निंबाजीरावाला धीर निघेना. एका सकाळी दोन हत्यारबंद माणसे घेऊन तो वाड्यात शिरला. मौनव्रताचा मान ठेवल्याचे नाटक करीत त्याने देवघराचे दार लोटले. समई जळत होती, समोर रिकामा पाट होता. निंबाजीचे डोळे चमकले. त्याने माजघर पाहिले, कोठी पाहिली, गोठा पाहिला, आणि शेवटी तो कडुलिंबाच्या डहाळ्यांसमोर येऊन उभा राहिला.

आत त्या वेळी तुळाजीला प्रथमच हातापायांवर उभे केले होते. रांगायचे. ठकूबाईचा हिशेब साधा होता: पोर आधी वळते, मग रांगते, मग बसते, मग धरून उभे राहते, आणि यांतली एकही पायरी गाळली तर पडते. बाहेर पावले वाजली त्या क्षणी तुळाजीच्या कमरेत कळ आली आणि त्याच्या तोंडून, बोळा असूनही, घोगरा, पुरुषी आवाज बाहेर पडला.

बाहेर निंबाजी थबकला. "आत कोण आहे?"

गिरजा बाजेवर उठून बसली. तिने दोन्ही हातांनी बाजेची लाकडी माच धरली आणि ती ओरडली. तसे ओरडणे त्या वाड्याने तिच्या बाळंतपणातही ऐकले नव्हते. घसा फाटेल असे, जाडेभरडे, गुरासारखे. बाळ दचकून टाहो फोडू लागले. ठकूबाईने दार बोटभर उघडून तोंड बाहेर काढले.

"काय हो सरनौबत, पोरगी पोटातल्या कळांनी तडफडतीया, आन् तुमी दाराशी कान लावता? या की आत. या. बगा. विटाळ धरंल त्याचं माझ्याकडं काय न्हाई."

निंबाजीचा उजवा पाय उंबऱ्यापर्यंत आला. एक पाऊल टाकले असते तर गड त्याचा होता. पण बारशाच्या दिवशी जुडगा घेताना त्याला गडदेवीच्या गाभाऱ्यात शिरून शपथ घ्यायची होती, आणि सुवेराच्या, बाळंतपणाच्या विटाळातल्या खोलीत पाऊल टाकलेल्या माणसाने गाभाऱ्यात जाऊ नये, हे त्याच्या आईने त्याला लहानपणी सांगितलेले होते. सगळा गड खानाला विकायला निघालेल्या माणसाला विटाळाची भीती वाटली! माणसाची जात अशी आहे खरी. निंबाजीने पाय मागे घेतला.

"हवालदारसाहेबांना आमचा मुजरा कळवा," तो वाड्याबाहेर पडताना मोठ्याने म्हणाला. "बारशाला भेटूच."

आतला आवाज बाळंतिणीचाच, असे धरून त्याची खात्री पटली होती की तुळाजी मेला आणि त्याचे प्रेत कुठेतरी लपवले आहे. मग ओरडा कशाला करायचा? किल्ल्या शिरस्त्याने, पंचांदेखत आपल्या हाती येणार. त्याच दिवशी खानाकडे निरोप गेला, की बारशाच्या सकाळी माणसे महादरवाज्याखालच्या घळीत दबा धरून बसवावीत.

आत तुळाजी हातापायांवर तसाच थिजून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"सूनबाईंना सांगा," तो ठकूबाईला म्हणाला, आणि वाक्य तसेच टाकून त्याने गुडघा पुढे रेटला.

त्या दिवसापासून तो बोळा न चावता चोळून घेऊ लागला. रांगून झाले, भिंतीला टेकून बसून झाले, बाजेची माच धरून गुडघ्यांवर उभे राहून झाले. डाव्या पायाचा अंगठा हलला त्या दिवशी ठकूबाई लहान मुलीसारखी हसली. तिची स्वतःची बोटे मात्र सुजून जाड झाली होती, सकाळी मूठ वळत नसे. बारशाच्या आदल्या दिवशी तुळाजी भिंत सोडून खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला, आणि पडला. पुन्हा उठला. पुन्हा गेला.

"चालवंल," ठकूबाई म्हणाली. "पर ऐका, धनी. शीर मोकळी झाली, तरी मांस कच्चं हाय. उद्या दरवाज्यापतूर जावा आन् सरळ येऊन पडा. पुढं महिनाभर वाकायचं न्हाई, जमिनीवर बसायचं न्हाई. पुन्यांदा धरलं तर ह्या जल्मी सुटायचं न्हाई. ध्यानात ठिवा."

गिरजेने त्या दिवशी आंबील प्यायली नाही. बाळाला दूध पाजताना तिचे दात वाजत होते. ठकूबाईने विचारले तर म्हणाली, उद्याची काळजी वाटते. ठकूबाई हवालदाराच्या पायांत इतकी गुंतली होती की तिने ते मानले. एरवी असल्या उत्तरावर तिने पोरीच्या पोटावर हात ठेवून पाहिले असते.

बारशाची सकाळ. वाड्यापासून महादरवाज्यापर्यंतच्या फरसबंदीवर दोन्ही बाजूंना गडकरी उभे होते. फाटक्या घोंगड्या, खोल गेलेले डोळे. दरवाज्याशी स्वच्छ पांढरा अंगरखा घातलेला निंबाजीराव, त्याच्याभोवती त्याची माणसे. नगारा वाजला. वाड्याचे दार उघडले नाही. दुसऱ्यांदा वाजला.

"पंचहो," निंबाजी म्हणाला, "वाट पुरेशी पाहिली..."

दार उघडले. उंबऱ्यात तुळाजी दरेकर उभा होता. कमरेला जुडगा, डोक्याला बारशाचे पागोटे. गडकऱ्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो जयघोष नव्हता, हुंदका होता. निंबाजीचा चेहरा पांढरा पडला.

तुळाजी चालू लागला. लोकांना ती हवालदाराची ऐट वाटली, इतके हळू तो चालत होता. प्रत्येक पावलाला डाव्या मांडीतून आग निघत होती. सदरेसमोर त्याचा पाय उचलेना. तो थांबला. मल्हू नाईक नकळत पुढे सरसावला, तशी तुळाजीने नुसती नजर टाकून त्याला जागीच उभे केले. त्याने भार उजव्या पायावर घेतला, कंबर सैल सोडली, श्वास सोडला, जसे ठकूबाईने शंभरदा करून घेतले होते तसे, आणि डावा पाय घसटत पुढे आणला. चालणे चालूच राहिले. दरवाज्याशी येऊन त्याने कुलूप ओढून पाहिले.

"शिरस्ता पुरा झाला, पंचहो?" त्याने विचारले.

"झाला, महाराज, झाला!" म्हातारे पंच रडत होते.

निंबाजी सावरला होता. त्याने चेहऱ्यावर हसू आणले, दोन्ही हात पसरले.

"नातवाचा आनंद आहे, साहेब. उराउरी भेट झालीच पाहिजे."

नाही म्हणता येत नव्हते. निंबाजीने तुळाजीला मिठीत घेतले, आणि लोकांना दिसणार नाही अशा बेताने दोन्ही मुठी त्याच्या कमरेत, जिथे चिरा बसला होता नेमक्या तिथे, रोवून पिळल्या. तुळाजीच्या डोळ्यांपुढे काळोख आला. गुडघे वाकू लागले. आता पडणार, सर्वांदेखत पडणार आणि जुडगा याच्या हाती जाणार! पडू नये म्हणून त्याने निंबाजीच्याच पाठीला दोन्ही हातांनी कवटाळले. आणि त्याच्या बोटांना, त्या पांढऱ्याशुभ्र सुती अंगरख्याखाली, लोखंडी कड्या लागल्या.

इतके दिवस त्याच्या अंगाला हात लावून एक बाई आत काय आहे ते ओळखत होती. आता तो आपल्या बोटांनी निंबाजीच्या पाठीवर ते वाचत होता.

"निंबाजीराव," तुळाजी मोठ्याने, साऱ्या फरसबंदीला ऐकू जाईल असे म्हणाला, "गडावरची सगळी चिलखते सिलेखान्यात आहेत. सिलेखान्याची किल्ली या जुडग्यात आहे. आपण बारशाला जे चिलखत घालून आलात, ते कोणी दिले?"

निंबाजीने धडपड केली. तुळाजीने मिठी सोडली नाही. पाय निकामी होत होते, पण हात मोहिमांचे होते. निंबाजीने कट्यार उपसली, ती तुळाजीच्या दंडात घुसली, तरी मिठी सुटेना. तोवर मल्हू नाईक येऊन पडला होता. त्याने अंगरखा टराटरा फाडला. नवे कोरे, बारीक कड्यांचे मोगली चिलखत उन्हात चकाकले. वेढ्यात अडकलेल्या गडावर ते एकाच वाटेने येऊ शकत होते. निंबाजीच्या माणसांनी ते पाहिले आणि आपली हत्यारे खाली टाकली.

घळीत दबा धरून बसलेल्या खानाच्या माणसांना दरवाजा उघडण्याऐवजी तटावरून चिरे आले. तीन ठिकाणी खचलेल्या तटात चिऱ्यांना काय तोटा? दुपारपर्यंत घळ शांत झाली.

तुळाजी मात्र तिकडे पाहायला थांबला नव्हता. दंडाला फडके बांधून, भिंतीला हात लावत तो वाड्यात परतला, तो खोलीच्या दारात ठकूबाई उभी. तिचा चेहरा पाहून त्याला कळले.

"वारं शिरलं," ती म्हणाली. "आंग तापलंय, पाय बर्फ झाल्यात. म्या काल वळखायला पायजे हुतं. म्या बघितलंच न्हाई तिच्याकडं." तिने आपले दोन्ही हात पुढे केले. बोटे सुजून फुगली होती. "रगडायला पायजे, धनी. पायात ऊब आली तरच जीव ऱ्हाईल. माजी मूठच वळंना."

गडावर दुसरी जाणती बाई नव्हती. तुळाजीने एकदा बाजेकडे पाहिले. मग तो, ज्याला वाकायचे नव्हते, तो खाली बसला. कमरेत काहीतरी कट्कन झाले, ते ठकूबाईलाही ऐकू आले. त्याने गिरजेचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

गिरजेने डोळे उघडले. "मामंजी," ती म्हणाली. ती थेट त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "पाय शिवू नका. मला पाप लागेल."

"लागू दे, बाळ," तुळाजी म्हणाला. "अर्धे आम्ही घेतो. बाई, सांगा, अंगठा कुठे ठेवू?"

"टाचेवर. दाबा. आता वर या. हळू. हितं गाठ हाय, सोडू नगा."

निंबाजीच्या माणसांच्या घरातून निघालेले तेल मल्हूने आणून दिले. दिवस कलेपर्यंत सासरा सुनेचे पाय चोळत राहिला, पोटऱ्या, घोटे, तळवे, पुन्हा पोटऱ्या. खोलीचे दार सताड उघडे होते आणि गडकरी अंगणात येऊन, पागोटी हातात घेऊन उभे राहिले होते. विटाळाची गोष्ट कुणी काढली नाही. तिन्हीसांजेला गिरजेला घाम फुटला आणि तिने पाणी मागितले. तेव्हा ठकूबाई भिंतीला टेकून मोठमोठ्याने रडली.

तुळाजीला मात्र उठता आले नाही. ठकूबाईने हात सुधारल्यावर महिनोन्महिने प्रयत्न केले, पण डावा पाय मेला तो मेलाच. सरनौबतच कैदेत असल्याने दुसऱ्याच दिवशी त्याने पंचांना बोलावून जुडगा मल्हू नाईकाच्या हवाली केला. "आम्हांस दरवाज्यापर्यंत चालवत नाही," एवढेच कारण त्याने सांगितले. पुढे जैतोजी कुमक घेऊन आला, खानाने वेढा उठवला, निंबाजीला बेड्या घालून दरबारी पाठवण्यात आले. बाळाचे नाव उशिराने, त्याची आई चालू लागल्यावर ठेवले.

दरबाराकडून तुळाजी दरेकराला पालखीचा मान मिळाला. गडाच्या इतिहासात असा मान कुणाला मिळाला नव्हता. रेशमी गोंड्यांची पालखी वाड्याच्या दाराशी आली, भोयांनी हवालदाराला उचलून आत बसवले, नगारे झडले, साऱ्या गडाने जयजयकार केला. गिरजा बाळाला घेऊन दाराआड उभी होती. ती एकटीच रडत होती.